फिरकीच्या तांब्यातलं पाणी

बदली होऊन मी महाडला आले, तेव्हा बँकेतल्या शिपायानं मला दोन घरं दाखवली. पहिल्या घराच्या मालकिणीनं विचारलं, अजून लग्न का नाही केलं. दुसऱ्या घराच्या मालकांनी विचारलं, तुमच्या गावाला पाणी कुठलं. मी म्हटलं, कृष्णेचं. त्यावर ते म्हणाले, "आणि गावाच्या वर कोण हाय?" मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, की नदीवर तुमच्या अगोदर कुठलं गाव लागतं आणि तिथले लोक नदीत काय काय सोडतात ते सांगा. वर एक साखर कारखाना आहे असं मी कबूल केल्यावर त्यांनी नुसतं चुकचुक केलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. कारखान्याखालचं पाणी पिऊन वाढलेल्या बाईला त्यांनी ती माडीवरची खोली दया येऊनच दिली असावी.

गल्ली त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. कोर्टातून ते बेलिफ म्हणून निवृत्त झाले होते. समन्स आणि नोटिसा पोचवायच्या निमित्तानं महाड-पोलादपूरचा सगळा डोंगर त्यांनी पायाखाली घातलेला. बेलिफ दारात आलेला कुणालाच आवडत नाही, तरी आपल्याकडे आल्यागेल्याला पाणी विचारतातच. काका नोटीस द्यायचे, सही घ्यायचे आणि तांब्या पुढे आला की विचारायचे, "कुठलं पाणी? त्याच्या वर कोण हाय?" उत्तर मनासारखं आलं नाही तर कोरड्या घशानं पुढच्या गावाला. तुडीलकडच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना म्हणे ऐकवलं होतं, की घरावर जप्ती आणलीस ती आणलीस, वर पाण्याचीही चौकशी करतोस. हा किस्सा काका स्वतःच सांगत आणि दर वेळी म्हाताऱ्याची बाजू घेत.

एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलात ते रोज संध्याकाळी चहा घ्यायचे. चहा चालायचा, कारण तो उकळलेला असतो. पाण्याचा ग्लास मात्र पुढे आला की एका बोटानं टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून द्यायचे. पुढे पुढे हॉटेलवाल्यानं त्यांना ग्लास द्यायचंच सोडलं. घरी नळाचं पाणी ते प्यायचे, पण ते सुरू करण्याआधी नगरपालिकेच्या टाकीपर्यंत आणि तिथून पुढे जिथून पाणी उचलतात तिथपर्यंत पायी जाऊन आले होते. बघून समाधान झालं का, असं मी विचारलं. "समाधान कसलं," ते म्हणाले, "निदान कुणाचं उष्टं पितोय ते तरी कळलं."

मी हे सगळं फोनवर आईला सांगितलं. आई म्हणाली, फार सोवळ्यातले दिसतात. मी म्हटलं, अगं, उलट आहे, अगदी उलट. पण ते उलट कसं, हे मलाही तेव्हा नीटसं सांगता आलं नसतं.

घरात दुसरं माणूस म्हणजे काकांची थोरली बहीण. ते तिला बाय म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती कायमची. काकांनी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारायला गेलं की गाडी पुन्हा पाण्यावर यायची. बाय पांढऱ्या साडीतली, ठेंगणी, रोज दिवेलागणीला भिंतीवरच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणणारी. बोलायची कमी, पण बोलली की नेमकं लागायचं. काका दारावरच्या फेरीवाल्याची उलटतपासणी घ्यायला लागले की ती आतून म्हणायची, "कोर्टानं ह्येला सोडलान, ह्येनं कोर्टाला नाय सोडलान."

दोघं भावंडं दिवसचे दिवस फारसं बोलत नसत. माडीवरून मला खालचे आवाज ऐकू यायचे: भांड्याचा, कडीचा, काकांच्या खाकरण्याचा. माझ्या खोलीत तेवढेही आवाज नव्हते. महाडात रविवार फार लांब असतो. बाजार फिरून होतो, तळ्याच्या काठी बसून होतं, आणि तरी दुपार उरतेच. म्हणून त्या पहिल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी काकांनी जिन्यावरून हाक मारून विचारलं, "मॅडम, वहाळानं वर जायचंय, येता का?" तेव्हा मी कुठं, किती, काहीच न विचारता हो म्हटलं. माझ्या आधीचा भाडेकरू एकदा त्यांच्याबरोबर गेला आणि पुढच्याच महिन्यात खोली सोडून गेला, हे बायनं मला नंतर सांगितलं.

दर वर्षी भात पिवळं पडलं, की काका एक दिवस आपल्या गावच्या वहाळाच्या कडेकडेनं त्याच्या उगमापर्यंत चालत जायचे आणि तिथलं पाणी फिरकीच्या झाकणाच्या पितळी तांब्यात भरून बायसाठी आणायचे. पाऊस थांबलेला असतो, वहाळ भरून पण निवळ वाहत असतो, वाट चिखलातून वर आलेली असते. गाव पोलादपूरच्या वर, आंबेनळीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. रस्त्यावरच्या मोरीपाशी आम्ही उतरलो आणि माझ्या पिशवीत पाणी खुळखुळलं.

काका थांबले. वहाळाने जाताना पाणी बरोबर घ्यायचं नाही, असा नियम होता. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, आता झालं ना माहीत. माझी बाटली त्यांनी मोरीच्या कठड्यावर ठेवली, वर एक दगड ठेवला, आणि काठी फिरवत पुढे निघाले. काठी जनावरासाठी असेल असं मला वाटलं, पण ती कोळ्यांच्या जाळ्यांसाठी होती. पावसानंतर त्या वाटेनं कोणी चाललेलंच नव्हतं. झाडाझाडातून जाळी ताणलेली, आणि काका ती मोडत पुढे जाताना दर वेळी "माफ कर रे" म्हणत.

ऊन आश्विनाचं, पाठ भाजणारं. पण वहाळाच्या कडेला सावलीत शिरलं की अंगावर काटा यायचा. तेरडा संपत आलेला, त्याच्या बोंडांना धक्का लागला की बिया उडायच्या. कारवीतून वाट काढताना माझी ओढणी चार ठिकाणी अडकली. दगडाखालून खेकडे डोकावत आणि आम्हाला बघून परत जात. काकांनी मला न्याहारीला तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायला घातली. अशा चटणीनंतर पाणी न देणं म्हणजे काय, हे ज्यानं खाल्लंय त्यालाच कळेल. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

थोडं वर गेल्यावर एक कोंड लागला. गोल, गर्द डोह, काठाला एक सपाट दगड. पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की मी खाली वाकलेच. काका न थांबता म्हणाले, "हा आमचा. चला." आणि त्यांनी कोंडाकडे मान वळवूनही पाहिलं नाही.

त्याच्या वर म्हशी धुवायची जागा होती. त्याच्या वर धुणं धुवायचे दगड. आणि त्याहीवर, बांधीव पायऱ्यांचा दुसरा कोंड. तिथं पायऱ्यांच्या खाली काका उभे राहिले आणि मोठ्यानं खाकरले. मग जरा वेळ तसेच उभे. मी इकडेतिकडे पाहिलं, चिटपाखरू नव्हतं. कुणाला हाक मारताय, असं मी विचारलं, तर ते एकदम ओशाळले.

मग चढता चढता, माझ्याकडे पाठ करून, त्यांनी सांगितलं. वरची वाडी आणि खालची वाडी अशा दोन वाड्या, वहाळ एकच. वरच्यांनी वरच्या कोंडातून प्यायचं, मग धुणी, मग गुरं, आणि एवढं सगळं होऊन जे खाली येईल ते खालच्या वाडीनं प्यायचं. महाडचं तळं कधीचं मोकळं झालं होतं, पण डोंगरावर बातम्या पायी जातात. उन्हाळ्यात खालचा कोंड आटला की काकांची आई आणि बाय हंडे घेऊन वरच्या कोंडाच्या पायऱ्यांखाली उभ्या राहायच्या. हात लावायचा नाही, हाक मारायची नाही. नुसतं खाकरायचं, आणि कुणाला दया येईल तोवर थांबायचं. आलं कुणी, तर ते वरून हंड्यात ओतायचं.

"आता कोण हाय इथं?" काका म्हणाले. "वाडीत चार म्हातारी माणसं. मी खुशाल पायऱ्या चढतो. पण इथं आलो की घसा आपोआप खाकरतो. कितीदा ठरवलं, यंदा नाय खाकरायचं."

माझी तहान गेली, किंवा तिची लाज वाटली म्हणा. वरच्या कोंडालाही हात न लावता आम्ही पुढे गेलो, आणि ऊन कलायच्या सुमाराला एका उंबराच्या मुळांतून पाणी निघताना दिसलं. एवढंसं पाणी, लहान मुलाच्या मनगटाएवढी धार. काकांनी टोपी काढून बाजूला ठेवली, ओंजळीनं पोटभर पाणी प्यायले आणि समाधानानं म्हणाले, "घ्या मॅडम. ह्याच्या वर कोणी नाय." मी प्यायले. आजवर मी इतकं चांगलं पाणी प्यायलेले नाही, पण ते चटणीमुळेही असेल.

घरी आल्यावर त्यांनी तांब्याची फिरकी उघडून बायपुढे भांडं भरलं. बायनं एक घोट घेतला, म्हणाली, "थंड हाय," आणि भांडं खाली ठेवलं. काका तृप्त होऊन अंघोळीला गेले. थोड्या वेळानं मी खाली दूध आणायला उतरले तर बाय मागच्या दारी उभी राहून तांब्यातलं पाणी कढीपत्त्याच्या डब्यात ओतत होती. माझ्याकडे बघून हसली आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, म्हातारीला गार पाणी सोसत नसेल. पुढच्या वर्षीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. तो कढीपत्ता गल्लीत सगळ्यांत जोमदार होता.

मग एका पावसाळ्यात सावित्री गल्लीत आली. महाडकरांना पाणी यायचं नवल नाही, पण त्या वेळचं पाणी थांबेना. आम्ही बायला खुर्चीसकट उचलून माझ्या खोलीत आणलं. काका जिन्याच्या पायरीवर बसून आपल्या घरात शिरणाऱ्या तपकिरी पाण्याकडे पाहत होते. मी मुद्दाम विचारलं, काका, ह्याच्या वर कोण? "विचारायची सोय नाय," ते म्हणाले, "समदेच आलेत." बाय खुर्चीत हसली. त्या रात्रीची तेवढीच एक बरी आठवण आहे.

त्याच पावसात काकांच्या गावचा डोंगर खाली आला. वरच्या वाडीतली माणसं आदल्या दिवशी शाळेत हलवलेली, म्हणून वाचली. वाडी वाचली नाही. त्या माणसांना हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. आणि इकडे घर सुकलं, पण बाय काही सुकली नाही. ओल तिच्या छातीत शिरली. हृदय दमलंय, डॉक्टर म्हणाले, आता जपायचं तेवढं जपा. जेवण सुटलं. काका चमच्यानं पेज भरवायला बसत आणि तशीच वाटी परत नेत. एके दिवशी, अजून भात पुरतं पिवळंही पडलं नव्हतं, ती आपण होऊन म्हणाली, "आपल्या वहाळाचं पानी आन रे बाबू. यंदा बेगीन आन."

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. या खेपेला मला विचारावं लागलं नाही, मीच बाटली घरी ठेवून खाली उतरले. काकांनी वाटेत कोळ्यांची माफीसुद्धा मागितली नाही.

खालच्या कोंडापर्यंत वहाळ ओळखीचा होता. त्याच्या वर वहाळ नव्हताच. लाल माती, घराएवढे धोंडे, मुळं वर करून पडलेली झाडं, मध्येच कौलांचा चुरा, एका जात्याची अर्धी तळी. म्हशींची जागा, धुण्याचे दगड, बांधीव पायऱ्या, सगळं आत कुठंतरी. मी कोंडापाशी थांबले. काका त्या राड्यावरून उंबर शोधायला वर गेले. त्या वयात त्यांनी जायला नको होतं, मी तसं ओरडूनही सांगितलं. मधूनमधून वरून दगड गडगडल्याचा आवाज यायचा आणि मी पुन्हा ओरडायची. पुष्कळ वेळानं ते उतरले, गुडघे मातीनं माखलेले, तांब्या रिकामा.

"उंबर नाय. झरा नाय. काय नाय," म्हणाले आणि त्या सपाट दगडावर बसले.

ते तिथं बसले तेव्हाच दोघांच्याही लक्षात आलं, की कोंड तर भरलेला आहे. धोंड्यांच्या खालून, मातीच्या पोटातून, काठालाच पाणी फुटत होतं. वरचं सगळं गाडून डोंगरानं पाण्याला इथं बाहेर काढलं होतं. काकांनी पुढे होऊन त्या फुटत्या पाण्यात हात धरला आणि लगेच मागे घेतला.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "आता ह्याच्या वर कोण हाय?"

मी वर पाहिलं. वर फक्त तो उघडा पडलेला डोंगर होता. कोणी नाही काका, मी म्हटलं. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा चेहरा पडला, आणि इतकी वर्षं ओळखत असून तसा एकटा पडलेला त्यांचा चेहरा मी पाहिला नव्हता.

"उभा जन्म त्यांच्या वर जाऊन प्यायलो," ते म्हणाले. "आता वर तेच नाय राहिले."

स्वतः पाण्याचा थेंबही न घेता त्यांनी तांब्या भरला आणि फिरकी घट्ट बसवली. उतरताना एकदाच बोलले, ते असं: कुठलं पाणी ते बायला सांगू नका. तिला मरताना तरी खालचं नको.

घरी पोचलो तर दिवेलागण झाली होती. मी बायला पाठीला उशी लावून बसवलं. काकांनी भांड्यात पाणी ओतलं आणि तिच्या ओठाला लावलं. तिनं घोट घेतला. गिळला नाही, तोंडातच धरून ठेवला. मग डोळे उघडून भावाकडे पाहिलं.

"ह्ये आपल्या कोंडाचं," ती म्हणाली.

काका दाराकडे बघू लागले. मी घाईघाईनं सांगायला गेले, की बाय, वरचं सगळं गेलंय, आता हेच पहिलं पाणी आहे. पण ती ऐकत नव्हती. तिला धाप लागत होती आणि तरी ती बोलत होती. म्हणाली, "मी दरसाल ह्येच मागत हुते. ह्यो आपला वर जाऊन आनायचा. येवढा चढून जातो, त्येला काय सांगू, म्हनून घोट घ्यायची."

"ते घाण पाणी?" काका म्हणाले. "म्हशींच्या खालचं?"

"घान हुतं. म्हनून तर आय हंड्यावर पदर धरायची. गाळून पाजलान आपल्याला." मग लहान मुलानं हट्ट करावा तसं म्हणाली, "गाळून दे."

पाणी आरशासारखं निवळ होतं. त्यात गाळण्यासारखं काही नव्हतं. काकांनी तिच्या पांढऱ्या साडीचा पदर हातात घेतला, त्याची दुहेरी घडी केली आणि भांड्यावर धरली. मी तांब्या कलता केला. अर्धं पाणी पदरावरून अंथरुणात गेलं. उरलेलं बाय सगळं प्यायली, सावकाश, थेंब न ठेवता. मग तिनं रिकामं भांडं भावापुढे धरलं आणि म्हणाली, "आता तू."

मी पुन्हा ओतलं. पदर तसाच धरून काका प्यायले. सबंध दिवसात त्यांच्या घशाखाली पाणी गेलं ते तेव्हा. ते रडले नाहीत. मीच रडले, आणि कढीपत्त्याला पाणी घालायचं निमित्त करून मागच्या दारी गेले.

थंडी पडायच्या आत बाय गेली.

पुढच्या आश्विनात भात पिवळं पडलं. मी वाट पाहिली, जिन्यावरून हाक आली नाही. शेवटी एका संध्याकाळी मीच स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, वहाळाने कधी जायचं. काका रस्त्यावरच्या गाड्या बघत होते. "कुणासाठी आणायचं?" म्हणाले. मी म्हटलं, आपल्यासाठी.

हॉटेलवाल्यानं दोन चहा आणले आणि नेहमीसारखा पाण्याचा ग्लास फक्त माझ्यापुढे ठेवला. काकांनी हात लांब करून तो आपल्याकडे ओढला आणि एका दमात प्यायले. मी थांबून राहिले होते. कुठलं पाणी, हे त्यांनी विचारलं नाही.